चौतीस नंबर

मस्कत,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सावर्ड्याचे एक गृहस्थ परवा गावी निघालेत. त्यांच्या बॅगेत हा लिफाफा देतोय. आत ३३ प्रिंट आहेत, नंबर मात्र ३४ पर्यंत. मोबाईलवर पाठवले असते तर अप्पा, तुम्ही नेहमीसारखं नुसतं "छान" म्हणून मोकळे झाला असतात. फोटो हातात धरून बघायचा, उजेडाकडे तिरका करून बघायचा, हे तुमचंच. म्हणून मी राहतो त्या रूवी भागातल्या एका मल्याळी स्टुडिओतून धुऊन घेतले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नंबर घातलाय, हलक्या हाताने, पुढे उमटणार नाही असा.

आई, तू दर फोनला विचारतेस, "सुट्टीच्या दिवशी एकटा करतोस काय?" तर दर शुक्रवारी मी हे करतो. पहाटे उठून रूवीहून मत्रहला, इथल्या बंदराच्या भागात, चालत जातो. पाऊण तास लागतो. आता थंडीचे दिवस आहेत, हवा आपल्याकडच्या पौषासारखी. समुद्राला लागून रस्ता, पलीकडे बंदर, डोक्यावर पोर्तुगिजांच्या वेळचा किल्ला, आणि मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर. झाड औषधाला नाही. पहिल्या वर्षी ते डोंगर बघून जीव घुसमटायचा, हिरवं कधी दिसेल असं व्हायचं. आता सकाळच्या उन्हात त्यांच्यावर एकेक घडी कशी उघडत जाते ते बघत उभा राहतो.

कॅमेरा डिजिटल आहे, हवे तितके फोटो निघतात. पण मी शुक्रवारी बाराच काढतो. तुमच्या याशिका कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बाराच असायचे ना. बारा म्हटले की हात आपोआप थांबतो आणि आधी माणसाशी बोलणं होतं. इथे कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढत नाहीत, बायकांचा तर नाहीच. कायदाही तसाच आहे. मी दोन अरबी शब्द शिकलोय, "मुम्किन सूरा?" म्हणजे फोटो काढू का? सुरुवातीला ते विचारायला जीभ रेटायची नाही. लांबून, कुणाच्या नकळत काढावा असं वाटायचं. तसे काही काढलेही. ते मी तुम्हाला पाठवलेले नाहीत.

१ ते ९ नंबर मासळी बाजारातले. २०१७ साली बांधलेली नवी इमारत आहे, वरचं छत पांढरं, लाटांसारखं. आत मात्र आपल्या बंदरावरचाच वास आणि तोच आरडाओरडा. सुरमईला इथे कनद म्हणतात. कुप्याला, म्हणजे आपल्या गेदरला, म्हणतात जैदर. गेदर, जैदर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. मासा एकीकडे घ्यायचा आणि कापून घ्यायला दुसरीकडे जायचं, कापणाऱ्याचे पैसे वेगळे.

अप्पा, ७ नंबर नीट बघा. हा मुलगा चितगावचा, मासे कापतो. काय हात आहे त्याचा! मोठा जैदर फळीवर टाकला की सुरी काट्याला घासून एकदाच जाते, आणि कोपरापर्यंत हाताला खवले चिकटलेले असतात, टिकल्यांसारखे चमकत. मला तो हात हवा होता. विचारलं, तर म्हणाला, "आज नाही भाई, कपडे खराब आहेत." मी म्हटलं, असाच छान दिसतोस. तो नाहीच म्हणाला. पुढच्या शुक्रवारी काम संपवून, आंघोळ करून, इस्त्रीचा निळा शर्ट घालून, केसांना तेल लावून बाहेर माझी वाट बघत उभा. सुरी नाही, मासा नाही. मागे समुद्र आणि पांढऱ्या इमारती यायला हव्यात असं त्याने स्वतः सांगितलं. दोन्ही हात मांडीला चिकटवून, हनुवटी वर करून उभा राहिला, अगदी तुमच्या स्टुडिओत पडद्यासमोर राहायचे तसा.

मला ते सगळे आठवले. वाडीवरून बाजाराच्या दिवशी येणारे, पिशवीतून घडीचं लुगडं काढून आतल्या खोलीत बदलणारे, पावडर मागणारे. तुम्ही कोणालाच "हसा" म्हणत नव्हता. फक्त कॉलर सरळ करायचात. मला लहानपणी ते फोटो निर्जीव वाटायचे, आणि शहरात शिकायला गेल्यावर मी तुम्हाला तसं बोलूनही दाखवलं होतं. चुकलं माझं. माणसाला आपण कसे दिसावेत हे ठरवण्याचा हक्क असतो, आणि दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाखाली राबणाऱ्याला तर तो एवढ्या एका क्षणापुरता मिळतो. त्याची प्रिंट दिली तेव्हा त्याने हात पुसले, पुन्हा पुसले, मग कडेने धरली. एक त्याने ठेवली, एक आईला पाठवली. आता बाजारातले सहा-सात जण त्यांची पाळी कधी म्हणून विचारतात.

१४ नंबर सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, टोपीवाल्या आजोबांचा. हे सूक वरून झाकलेलं आहे, जुन्या काळी आत इतका अंधार असायचा की त्याला अंधाराचाच बाजार म्हणायचे. सगळीकडे लोबानाचा धूर. आजोबांच्या डोक्यावर आहे ती कुम्मा. बारीक छिद्रं पाडून भोवती रेशमाने हातानेच भरतात, एका टोपीला महिनोन्महिने लागतात. ते माझ्याशी हिंदीत बोलतात, त्यांचे वडील मुंबईहून कापड आणायचे. एकदा त्यांनी गल्ल्याच्या तळातून लाल रंगाची एक रुपयाची नोट काढून दाखवली. भारतात छापलेली, पण फक्त आखातासाठी. १९७० पर्यंत ओमानात रुपया चालत होता, आई! अजूनही रियालच्या सुट्ट्या पैशाला बैसा म्हणतात, आपला पैसाच तो. एका रियालचे हजार. फोटोसाठी त्यांनी कुम्मा काढून नवी घातली, आणि नोट हातात धरू का म्हणून मलाच विचारलं. बोटं किती लांब आहेत बघा त्यांची.

२१ नंबर तुम्हाला सापडणार नाही. सूकच्या तोंडाशी बखूर, म्हणजे सुगंधी धूप, विकणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई बसतात. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी कॅमेरा पिशवीत टाकला, तर त्यांनी मला शेजारी बसवून खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला. अर्धा तास बसलो. भाषा येत नसल्याने बोलणं काहीच झालं नाही. तो फोटो नाही, पण नंबर ठेवलाय.

आई, २३ तुझ्यासाठी. तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत हलवा आटवताहेत. गव्हाचं सत्त्व, साखर, तूप, केशर, गुलाबपाणी. वल्ह्याएवढ्या उलथन्याने तासन्‌तास ढवळत राहायचं, हात थांबला की लागला. तुझ्या चिकाच्या वड्यांची आठवण झाली म्हणून डबा घेतलाय, तोही याच बॅगेत आहे. २५ वर खुर्चीवर चढून बसलेला पोरगा कॉफीशॉपवाल्याचा आहे. इथे गाडीतून उतरायचं नसतं, बाहेरून हॉर्न वाजवला की चहा खिडकीशी येतो.

२८ मध्ये माणूस एकही नाही, फक्त बुटांची रांग आणि हेल्मेट. जूनपासून ऑगस्टअखेर दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते, ऊनच तसं असतं. पुलाच्या सावलीत पुठ्ठे टाकून पंधरा-वीस जण झोपले होते. झोपलेल्याला विचारणार कसं? म्हणून बूटच काढले. अप्पा, यात उजव्या कोपऱ्यात ऊन फार फुटलंय, मला माहीत आहे. उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्मा, कमी करायला हवा होता.

आता शेवटचे. ३१ ते ३४ मध्ये वाडीतलं क्रिकेट आहे. वाडी म्हणजे इथे नदीचं कोरडं पात्र. शहराच्या मधूनच जातं, वर्षभर त्यात गाड्या लावतात, शुक्रवारी पोरं टेनिस बॉलने खेळतात, मुलतानचा बोलर आणि कोल्लमचा बॅट्समन. पण रस्ता जिथे पात्र ओलांडतो तिथे लाल-पांढरे पट्टे मारलेले खांब असतात. पाऊस पडला की तासाभरात पाणी येतं, आणि ते कुठल्या पट्ट्याला लागलं हे बघून गाडी घालायची की नाही ते ठरवायचं. ३४ मध्ये तो खांब मुद्दाम पुढे घेतलाय.

तो काढताना मला २२ जुलै २०२१ आठवला. चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी आपल्या फोटोच्या दुकानात शिरलं तो दिवस. तुम्ही त्यावर कधी बोलत नाही. गाळातून निगेटिव्हची पाकिटं काढून आईने दोरीवर वाळत घातली होती, आणि सगळी एकमेकांना चिकटून कोरी झाली होती. त्यानंतरही लोक येत राहिले, "आमच्या आईचा एकच फोटो होता, तुमच्याकडे निगेटिव्ह असेल." तुम्ही प्रत्येकाला पाणी द्यायचात, बसवायचात, आणि मग सांगायचात. मी तेव्हा घरी होतो आणि मला तिथे थांबवत नव्हतं, मी बाहेर निघून जायचो. आज लिहितोय. इथे मी प्रत्येकाच्या दोन प्रिंट काढतो. एक त्या माणसाला, एक लिफाफ्यात. तो चितगावचा मुलगा, ते आजोबा, यांचं काहीतरी चिपळूणात असावं असं मला वाटतं.

प्रत्येक फोटोवर तुम्हाला काय वाटलं ते सवडीने लिहा. काय चुकलं तेच लिहा. गुडघ्याला तेल लावत जा. आईने बीपीची गोळी विसरू नये. मी मे महिन्यात येईन, तिकीट झालं की कळवतो.

आणि हा लिफाफा दुकानात ठेवू नका. घरी, पोटमाळ्यावर, पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी खाली नको, वरच्या फळीवर.

तुमचा,
संजू