सुट्टीतल्या खिचडीबद्दल मुलांना विचारणार असाल, तर... : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या मे महिन्यात मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात सातवी-आठवीच्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेत होते. आदल्या ऑक्टोबरच्या अखेरीस शासनानं १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले होते आणि सुट्टी असूनही शाळेत खिचडी शिजत होती. काम एका संस्थेचं, मी रोजावर. त्यातला एक प्रश्न मला अजून पाठ आहे : ‘उन्हाळी सुट्टीतील पोषण आहार योजनेचा लाभ घेण्याची तुम्हाला आवश्यकता वाटते काय?’ खाली दोन चौकोन. मोठ्या मुलांपैकी बहुतेकांनी ‘नाही’समोर खूण केली. मी गठ्ठा बांधला, जमा केला आणि एसटीनं घरी आले. मुलांना गरज नाही असंच मीही धरून चालले.

त्यांच्यातला एक मुलगा मध्यंतरी भेटला. आता पिकअप चालवतो. त्या उन्हाळ्याचा विषय निघाला तसा हसत म्हणाला, “भूक तर लागायचीच की, मॅडम. पण भर दुपारी हातात ताट घेऊन गावातून कोण जाणार? शाळा असते तेव्हा ताट दप्तरात असतं. सुट्टीत दप्तर कुठं असतं?”

मला हे सुचलं नव्हतं. प्रश्नावली तयार करणाऱ्यांनाही सुचलं नसणार. लहान मुलं ताट वाजवत, एकमेकांच्या डोक्यात घालत खुशाल जायची. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला मात्र पारावरच्या माणसांपुढून रिकामं ताट घेऊन जायचं आणि खरकटं घेऊन परत यायचं, म्हणजे आपल्या घरात काय आहे-नाही ते गावभर सांगण्यासारखं. त्या ताटामुळे तो ‘नाही’ म्हणाला आणि आम्ही त्याचं पोट भरलंय असं लिहून घेतलं.

म्हणून हे पत्र. सुट्टीतल्या आहाराबद्दल मुलांना काही विचारायची वेळ तुमच्या खात्यावर आज ना उद्या येणारच आहे. तेव्हा एवढंच करा : प्रश्न राज्यभर पाठवण्याआधी ते थोड्या मुलांपुढे, विशेषतः तेरा ते सोळा वयाच्या मुलामुलींपुढे ठेवा, आणि त्यांना त्या प्रश्नातून काय कळतं ते ऐका.

विषय जुनाच आहे. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या अन्नहक्काच्या याचिकेत २० एप्रिल २००४ रोजी सांगितलं. बारा वर्षांनी, १३ मे २०१६ रोजी, स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर तेच पुन्हा सांगावं लागलं; शिवाय अंडं, दूध किंवा तसंच काहीतरी आठवड्यातून किमान तीन दिवस द्या, असंही. आता तेरा मे म्हणजे आपल्याकडे शाळेला कुलूप लागलेलं. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना मानधनच वर्षातल्या दहा महिन्यांचं, त्या कुठं कांदे काढायला, कुठं लग्नाच्या पंगतीत पोळ्या लाटायला गेलेल्या. हुकूम निघाला तरी चूल पेटायला माणसं लागतात.

आणि न विचारता ठरवलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०२१ च्या उन्हाळ्यात सुट्टीतल्या ३५ दिवसांच्या आहाराचे पैसे मुलांच्या बँक खात्यात टाकायचं ठरलं. पहिली ते पाचवीला १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४. खातं उघडायचा खर्च त्याहून जास्त, वर कोविडच्या दिवसांत बँकेचे हेलपाटे. शिक्षक आणि पालक, दोघांनीही कपाळाला हात लावला. आठवीतल्या कुठल्याही पोरीला आधी विचारलं असतं, तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं.

या मे महिन्यात मी ती जुनी प्रश्नावली ट्रंकेतून काढली आणि आमच्या गावात आठ मुलामुलींना घेऊन मारुतीच्या देवळामागे, सावलीला बसले. सगळी तेरा ते पंधरा वयाची. आईवडिलांना विचारलं होतं, आणि मुलांनाही वेगळं विचारलं होतं. आईनं हो म्हटलं म्हणजे मुलीनं हो म्हटलं असं होत नाही. त्यांना म्हटलं, मला उत्तरं नकोत. या प्रश्नांना नावं ठेवा. वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोला आणि मग तोच प्रश्न तुमच्या भाषेत मला विचारा.

नावं ठेवायला सांगितल्यावर काय, पोरं सुटलीच.

‘लाभ’ म्हणजे काय? “खात्यात पैसे येतात ते. आईचे पंधराशे येतात तसे.” ‘पोषण आहार’ म्हणजे? “अंगणवाडीतली पाकिटं.” शाळेत मिळते ती खिचडी. सोमवारी मटकी असो की शनिवारी वरणभात, तिचं नाव खिचडीच. आणि योजनेचं नाव २०२१ मध्ये बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालंय हे त्या आठांपैकी एकाच्याही गावी नव्हतं. ‘आवश्यकता वाटते काय’ या शब्दांवर एक मुलगी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “म्हणजे आमच्या घरी काही नाही, असं लिहून द्यायचं का?” बाकीचे गप्प झाले. २०१९ ला या प्रश्नावर मी दर मुलामागे जेमतेम दहा सेकंद घालवले असतील.

पुढचा प्रश्न होता, ‘मागील सात दिवसांत किती दिवस दुपारचे जेवण घेतले नाही?’ सुट्टीत वार कुणाच्या लक्षात असतो? पण आठवडी बाजार सगळ्यांच्या लक्षात असतो. ‘मागच्या बाजारापासून’ असं म्हटल्याबरोबर मुलं बोटांवर मोजायला लागली. आणि ‘दुपारचे जेवण’ म्हणजे नेमकं कधीचं? घरचे पहाटे रानात जातात, अकरा वाजता भाकरी होते, पुढची रात्री आठला. मध्ये चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा. पुड्याला कुणी जेवण म्हणेना, पण पुडा खाल्लेला असताना ‘काही खाल्लं नाही’ असं लिहायलाही कुणी तयार होईना. ‘उपाशी’ या शब्दावर तर दोघी मुलींनी चतुर्थी आणि शनिवार धरून हिशेब केला.

‘नव्हतास का’ असा शेवट असलेला प्रश्न होता : ‘तू काल शाळेत जेवायला गेला नव्हतास का?’ एकानं ‘हो’ म्हटलं, म्हणजे गेलो होतो. दुसऱ्यानंही ‘हो’ म्हटलं, म्हणजे गेलो नव्हतो. दोघं एकाच चौकोनात गेले असते. चव कशी वाटते यासाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं होती, नववीतला मुलगा म्हणाला, “हे बालवाडीचं आहे.” राग त्याला चवीपेक्षा चित्रांचा जास्त आला.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र सगळ्यात सोप्या प्रश्नात निघाला. ‘तुम्ही कितवीत आहात?’ निकाल १ मे रोजी लागतो, शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. या दीड महिन्यात आठवी पास झालेलं मूल कितवीत असतं? निम्म्यांनी आठवी म्हटलं, निम्म्यांनी नववी. हसण्यावारी नेण्याजोगं हे नाही, कारण आहार आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं असं माप ठरलेलं आहे; नववीत गेला की काहीच नाही. पोरगं मात्र नेमकं त्याच वर्षी बांबूसारखं वाढत असतं. मे महिन्यात त्याचं नाव खिचडीच्या यादीत आहे की नाही, हे मुलांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एका गुरुजींना विचारलं तर तेही “बघावं लागेल” म्हणाले.

‘सुट्टीत जेवायला का आला नाहीत?’ याला चार पर्याय होते : चव आवडत नाही, शाळा लांब आहे, घरी जेवण असते, इतर. आता हे ऐका. एका मुलीची आई रोजानं जाते, घरी धाकटा भाऊ चार वर्षांचा. ती शाळेत गेली तर त्याला कुणी बघायचं? नेला तर त्याला ताट मिळतं का? एक जण सुट्टीभर मामाच्या गावी असतो. तिथं खिचडी शिजली तरी त्याचं नाव इथल्या हजेरीत. एकाला दुपारी शेरडं सोडून येता येत नाही. आणि ताटाची लाज, ती तर होतीच. ती आठातल्या तिघांनी सांगितली, तीही गट उठल्यावर एकेकट्यानं, मागे रेंगाळून. चारही पर्यायांत यातलं काहीच नाही. सगळं ‘इतर’मध्ये जातं आणि ‘इतर’चा अहवाल कधी कुणी वाचलेला मी पाहिला नाही.

महोदय, यात मी काही नवा शोध लावलेला नाही. अमेरिकेत उन्हाळ्यातलं मुलांचं जेवण १९६८ पासून प्रयोग म्हणून सुरू झालं, १९७५ मध्ये त्याची स्वतंत्र योजना झाली. तिथं खुल्या केंद्रांवर १८ वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला अर्ज न भरता जेवता येतं, तरी किशोरवयीन मुलं फारशी फिरकत नाहीत, ही त्यांचीही डोकेदुखी आहेच. पण प्रश्न आधी तपासून घ्यायची शिस्त त्यांनी लावून घेतली. त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्रानं १९८५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळाच उघडली. गंमत म्हणजे तिथल्या कायद्यानं सरकारला दहा किंवा अधिक लोकांना एकच प्रश्नावली द्यायची तर वरून मंजुरी लागते, त्यामुळे अशा छोट्या चाचण्या पुष्कळदा नऊ जणांत उरकतात. नऊ जणांतही प्रश्नाची हाडं मोडलेली दिसतात. मला तर आठांतच दिसली.

तेव्हा प्रयोगशाळा नको. एक सतरंजी आणि एक दुपार पुरे. पण ठिकाणं नीट निवडा. बीडच्या मुलांनी दुरुस्त केलेला प्रश्न मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलीला, धडगावच्या पाड्यावर किंवा गोवंडीच्या गल्लीत तसाच कळेल असं नाही. गोवंडीत बाजाराचा वार उपयोगाचा नाही, तिथं दुसरी खूण शोधावी लागेल. ऊसतोडीहून परतलेल्या घरातली मुलं मुद्दाम घ्या, त्यांचं ‘मागच्या महिन्यात’ कोपीवरचं, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीतलं, असू शकतं. नववी-दहावीतली मुलं घ्या, त्यांना आहार मिळत नसला तरी घ्या. वर्ष-दोन वर्षांपूर्वीपर्यंत मिळत होता, त्यांना सगळं आठवतं. एकदा दुरुस्त केलेले प्रश्न दुसऱ्या मुलांपुढे पुन्हा ठेवा. आमच्या दुरुस्तीतूनही नव्या चुका निघाल्याच.

आणि विचारायला गुरुजींना बसवू नका. शिक्षकांवर आधीच माहिती भरायचं ओझं कमी नाही, हे एक. दुसरं म्हणजे शिक्षकांनी कागद दिला की मुलांच्या लेखी ती परीक्षाच. २०१९ ला मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, “मॅडम, काय लिहायचं?” पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनं ‘सहमत’ लिहिलं की तो ‘सहमत’ खिडकीपर्यंत जायचा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून लिंक आली आणि मुख्याध्यापकांनी वर्गाच्या वतीनं मोबाइलवर ती भरून टाकली, असंही मी पाहिलंय. त्यांचा दोष कमी, ‘आज दुपारी चारपर्यंत’ असं लिहिणाऱ्याचा जास्त. गावाबाहेरचं, तरुण, मुलांची बोली येणारं कुणीतरी बसवा. मुलींशी बाईनं बोलावं. नाव लिहून घेऊ नका. बारा वर्षांवरच्या मुलांची स्वतःची लेखी संमती, पालकांच्या संमतीखेरीज, संशोधनासाठी घ्यावी असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सरकारी पाहणीलाही ते लागू करायला काय हरकत आहे?

भुकेबद्दल थेट विचारावं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. ‘पैशांअभावी कधी कमी जेवलास का’ अशा धर्तीचे प्रश्न मोठ्या माणसांसाठी जगभर वापरतात आणि त्यांचा उपयोगही आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाला असा प्रश्न विचारून, खूण करून घेऊन आपण निघून जायचं, हे मला आता जमणार नाही. मुलांनी स्वतः सुचवलेला प्रश्न मला बरा वाटला : ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, कुठं आणि कुणाबरोबर?’ यात लाजण्यासारखं काही नाही, आणि भाकरी कुठल्या वेळेला नव्हती ते आपोआप कळतं. त्याचं कोष्टक करायला तुमच्या लोकांना वेळ लागेल, हे खरं.

ताटाचंही त्यांनी सुचवलं. ताटं शाळेतच ठेवा, म्हणाले. आणि सुट्टीत दुपारी वाचनालय उघडा, नाहीतर क्रिकेटचं सामान द्या, म्हणजे शाळेत जायला दुसरं कारण होईल. तिथं गेल्यावर खिचडी खाल्ली तर कोण बघतंय? पाहणीत असा पर्याय ठेवला तर किती मुलं खूण करतात ते बघायला मला आवडेल.

मुलांनी तपासलेली प्रश्नावली सोबत जोडली आहे. लाल पेन मीच दिलं होतं, त्यामुळे त्यांनी गुरुजींसारख्या फुल्या मारल्यात आणि समासात गुणही दिलेत. ‘आवश्यकता वाटते काय’ला दहापैकी दोन आहेत, आणि खाली शेरा : ‘पुन्हा लिहून आणणे.’

आपली,
सर्वेक्षणाच्या कामावर गावोगाव फिरलेली एक बाई
जिल्हा बीड