अलॉय व्हीलच्या बिलावर मापे लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्पोर्ट्स कारसाठी कंपनीचे सोडून बाहेरच्या बाजारातले अलॉय व्हील घेताना पुण्यातले बहुतेक ग्राहक डिझाइन आणि रंग पाहतात. चाक गाडीला नीट बसेल की नाही, हे मात्र त्याच्या पाठीमागच्या आकड्यांवर ठरते.

सगळ्यात जास्त घोळ मधल्या छिद्राचा, म्हणजे सेंटर बोअरचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांचा पीसीडी (बोल्टांची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास) ५ × ११२ आणि हब (गाडीचा ज्या भागावर चाक बसते तो) ५७.१ मिमी असतो. त्याच पीसीडीचे, पण ६६.६ मिमी बोअरचे चाक त्यावर सहज चढते. मग ताशी ८०-१०० ला स्टेअरिंग थरथरते आणि मालक बॅलन्सिंगच्या फेऱ्या मारत बसतो. बॅलन्सिंगचे मशीन चाक त्याच्या स्वतःच्या बोअरवर धरते, म्हणून तिथे शून्य दिसते. गाडीवर मात्र ते हबवर न टेकता नुसत्या बोल्टांच्या आधारावर असते. इथे ६६.६-५७.१ ची हब रिंग, म्हणजे मधली फट भरणारी कडी, लागते, शक्यतो अ‍ॅल्युमिनियमची. ११४.३ पीसीडीचे चाक ११२ च्या हबवर ओढूनताणून आवळणे तर सरळ जिवाशी खेळ आहे.

ऑफसेटही, म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि हबवर टेकणारी बाजू यांतले मिमीमधले अंतर (चाकावर ‘ईटी’), तितकाच महत्त्वाचा. साडेसात इंच रुंद, ईटी ५१ च्या जागी साडेआठ इंच रुंद, ईटी ३५ लावले की बाहेरची कड सुमारे २९ मिमी आणखी बाहेर येते. मागे माणसे बसली की टायर मडगार्डला घासतो. ईटी ४५ घेतले तर बाहेर १९ आणि आत ७ मिमी जातात. शॉकअप आणि टायर यांच्यामध्ये तेवढी जागा आहे का, हे आधी मोजावे.

या गाड्यांच्या मूळ बोल्टांची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक चाकांची शंकूसारखी. जुनेच बोल्ट वापरले तर ते फक्त कडेवर टेकतात आणि सैल होतात. शेवटचा आवळ बोल्ट फिरवायच्या गनने नको, जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने द्यावा: साधारण १२० न्यूटन-मीटर, किंवा गाडीच्या पुस्तिकेत असेल तो. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा.

टायर २२५/४० आर१८ (मिमी रुंदी/भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचे इंच) ऐवजी २३५/३५ आर१९ घातल्यास व्यास दीड टक्काच वाढतो, पण टायरची भिंत ९० वरून ८२ मिमीवर येते. आपल्या खड्ड्यांत रिमची आतली कड वाकते आणि ती बाहेरून दिसत नाही. अशा गाडीला पुण्यात १८ इंच पुरेत.

विक्रेत्यांनी बिलावर रुंदी, ऑफसेट, पीसीडी, बोअर आणि भारक्षमता लिहून द्यावी. एका चाकाची भारक्षमता, पुढच्या-मागच्यापैकी जास्त भाराच्या अ‍ॅक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नसावी. हे लिहून न देणाऱ्याकडून ग्राहकांनी चाके घेऊ नयेत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे