सीबीनॅटचा रिपोर्ट पुरता वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्षयरोगाच्या बातम्यांत दोन वाक्ये ठरलेली असतात. 'रुग्ण औषधांना दाद देईनासा झाला' हे एक आणि 'उपचार अर्धवट सोडल्यामुळे एमडीआर (मुख्य औषधांना न जुमानणारा क्षय) झाला' हे दुसरे. दाद देत नाही तो जंतू; रुग्ण बिचारा मुकाट गोळ्या गिळत असतो. पहिल्या वाक्याची दुरुस्ती एवढ्यावर भागते. दुसऱ्याचा हिशेबच मांडावा लागतो.

२०१४ ते २०१६ या काळात देशभर औषधरोधाचे सर्वेक्षण झाले. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा जंतू, म्हणजे एमडीआर, नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्क्यांत सापडला आणि आधी उपचार झालेल्यांपैकी ११.६० टक्क्यांत. हा चौपट फरक पाहिला की सगळी बोटे जुन्या रुग्णांकडे वळतात. पण १०० रुग्णांत ८० नवे आणि २० जुने धरून गुणाकार करा. दोन्हीकडे उत्तर २.३ च्या आसपास येते. म्हणजे एमडीआरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांनी अर्धवट सोडावे असे काही हाती घेतलेच नव्हते. दुसऱ्याच्या फुप्फुसात तयार झालेला जंतू त्यांना हवेतून आयता मिळाला. जुन्यांमध्येही काहींचा जंतू पहिल्यापासूनच तसा असतो. साधी औषधे लागू पडत नाहीत म्हणून ते 'जुने' होतात.

क्षयाचा जंतू इतर जंतूंसारखी औषधरोधाची जनुके शेजाऱ्याकडून उसनी घेत नाही. त्याच्या ४४ लाख अक्षरांच्या जनुकसंचाची प्रत निघताना एखादे अक्षर चुकते, इतकेच. आयसोनियाझिडला पुरून उरणारी चूक साधारण १० लाख जंतूंत एकात असते, रिफाम्पिसिनला पुरून उरणारी १० कोटींत एकात. फुप्फुसात पोकळी पडली की तिथे १० कोटी जंतू सहज नांदतात. अशा वेळी एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि त्या चुकलेल्या जंतूच्या वंशाला रान मोकळे मिळते. दोन्ही चुका योगायोगाने एकाच जंतूत यायच्या तर १ वर १४ शून्ये एवढ्यांत एक. चार औषधे एकदम द्यायची ती यासाठी.

आता त्या चारांतले एक आधीच निकामी असेल तर? सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जनुकांवरून क्षयाचा जंतू शोधणाऱ्या तपासण्यांच्या नेहमीच्या रिपोर्टवर हे कळत नाही. या तपासण्या चांगल्याच आहेत. सीबीनॅट दोन तासांत आरपीओ-बी जनुकातली ८१ अक्षरे तपासते आणि रिफाम्पिसिनच्या रोधाचे सुमारे ९५ टक्के बदल तेवढ्याच तुकड्यात असतात. पण 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' ही ओळ वाचून घरचे लोक, आणि कधी कधी डॉक्टरही, 'चला, सगळी औषधे लागू पडणार' असे समजतात. आयसोनियाझिडविषयी त्या कागदावर चकार शब्द नसतो. त्याच सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी ११.०६ टक्क्यांत आयसोनियाझिडचा रोध सापडला होता, म्हणजे नऊ रुग्णांमागे एक. त्यांतल्या एमडीआर नसलेल्या रुग्णाला पहिले दोन महिने बरे वाटते, कारण बाकीची तीन औषधे काम करत असतात. तिसऱ्या महिन्यात पायराझिनामाइड थांबते. मागे उरते निकामी आयसोनियाझिड, जंतूला मारण्यापेक्षा त्याची वाढ अडवणारे एथॅम्ब्युटॉल आणि जवळजवळ एकटे पडलेले रिफाम्पिसिन. जगभरच्या जंतूंचे जनुकसंच वाचल्यावर दिसले ते असे, की बहुतेक वंशांत आधी आयसोनियाझिडची चूक येते आणि रिफाम्पिसिनची मागाहून. एमडीआरची ही पहिली पायरीच आपण न तपासता ओलांडतो.

ती तपासण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे, तिचे नाव एलपीए. जंतूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून एका अरुंद पट्टीवर सोडतात आणि २७ रेघांपैकी कोणत्या उमटल्या, कोणत्या नाहीत हे पाहतात. कॅट-जी या जनुकाची मूळ रेघ गायब आणि शेजारची बदलाची रेघ ठसठशीत असेल, तर रोध वरच्या पातळीचा. डोस वाढवून फारसे साधत नाही. बदल इन्ह-ए जनुकाच्या सुरुवातीआधीच्या भागात असेल तर रोध सौम्य असतो आणि आयसोनियाझिडचा मोठा डोस उपयोगी पडू शकतो, पण मग एथिओनामाइड या दुसऱ्या औषधावर फुली. एकाच आयसोनियाझिडच्या रोधाचे हे दोन प्रकार आणि दोन्हींचे उपचार वेगळे. म्हणून रिपोर्टवर नुसते 'आयसोनियाझिड रेझिस्टंट' लिहिलेले असेल तर जनुक कोणते, हे विचारून घ्यावे.

एलपीएसाठी बेडक्याचा दुसरा नमुना लागतो आणि गाडे बहुधा तिथेच अडते. पहिल्या नमुन्यात क्षय निघाला की औषधे सुरू होतात, दुसरी डबी राहून जाते. औषधे सुरू होऊन पंधरवडा उलटल्यावर नमुना दिला तर त्यात जंतू कमी, मेलेलेच जास्त. एलपीए वाचता येत नाही आणि कल्चरही, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवायचा जंतूही, उगवत नाही. म्हणून दोन्ही नमुने पहिल्या गोळीच्या आधी द्यावेत. सकाळी उठल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरावी, कारण नळाच्या पाण्यातही क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात. मग गच्चीत किंवा अंगणात, माणसांपासून दूर जाऊन दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि छातीतून खोकून २ ते ५ मिलिलिटर दाट बेडका काढावा. फेसाळ लाळ चालत नाही. झाकण घट्ट लावून नाव झाकणावर नव्हे, डबीवर लिहावे. झाकणे बदलली जातात. डबी लगेच द्यावी, ते शक्य नसेल तर थंड ठेवावी. एप्रिलच्या पुण्यात दुपारभर दुचाकीच्या डिकीत फिरलेल्या डबीत तोंडातले साधे जंतू इतके माजतात, की कल्चरचा रिपोर्ट 'कंटॅमिनेटेड' येतो. एक तर द्रव माध्यमातल्या कल्चरला ४२ दिवसांपर्यंत लागतात. तेही वाया जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रसाराची गोष्ट याच उशिरात आहे. योग्य औषध सुरू झाले की रुग्णापासूनचा संसर्ग झपाट्याने उतरतो. निकामी औषधावर मात्र तो खोकत राहतो. एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपतात अशा चाकण-भोसरीकडच्या खोल्या, समोरासमोर खिडकी नसलेली घरे, काचा बंद केलेली वातानुकूलित कार्यालये या साऱ्या ठिकाणी त्याच्या खोकल्यातला जंतू तासन्‌तास हवेत राहतो. कोणाकडून कोणाला गेला हे आता जंतूच्या जनुकसंचावरून बऱ्यापैकी सांगता येते. पुण्याला कुळवृत्तांताची हौस जुनी. जंतूचाही कुळवृत्तांत असतो. त्याच्यात दोन वर्षांत साधारण एक अक्षर बदलते. दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा कमी अक्षरांचा फरक असेल तर संसर्ग अलीकडचा, असा ढोबळ नियम आहे. मुंबई महानगर परिसरातल्या जंतूंचे असे वाचन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एमडीआर जंतूंमध्ये फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांचा रोध फार मोठ्या प्रमाणावर आढळला आणि 'बीजिंग' म्हटल्या जाणाऱ्या क्रमांक दोनच्या वंशशाखेची काही घराणी तो पसरवत असल्याचे दिसले. मुंबई-पुणे रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या पाहता खंडाळ्याचा घाट जंतूला आडवा येईल असे समजू नये.

फ्लुरोक्विनोलोन म्हणजे लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही मंडळी. दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यावर बेडका न तपासता यांची पट्टी हातात पडते. क्षय असला तर थोडे बरे वाटते, निदान लांबते आणि वर सांगितलेला एकाच औषधाचा खेळ मधल्या काळात होऊन जातो. २०२४ मध्ये देशात मान्य झालेल्या एमडीआरवरच्या नव्या सहा महिन्यांच्या उपचारात बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिडबरोबर चौथे औषध मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच आहे. पूर्वीच्या १८-२० महिन्यांच्या तुलनेत ही फार मोठी सुटका. तिच्यातला एक खांब खोकल्याच्या पट्टीवर का घालवायचा?

या नव्या उपचारातल्या एका खाचेकडे दुर्लक्ष होते. लिनेझोलिडने पायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, क्वचित नजर अंधुक होते. वैतागून रुग्ण सगळीच औषधे बंद करतो. प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड काही दिवसांत शरीरातून जातात, पण बेडाक्विलिन महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणजे बंद केल्यावरही जंतूसमोर एकटे बेडाक्विलिन उभे राहते, तेही रोज थोडे कमी होत. रोध घडवायला याहून सोयीची स्थिती नाही. मुंग्या सुरू झाल्या की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे. ६०० मिलिग्रॅमचा डोस ३०० वर आणता येतो किंवा काही दिवस थांबवता येतो.

शहरातल्या खाजगी प्रयोगशाळांनी आणि महापालिकेने एक करावे. सीबीनॅट आणि ट्रूनॅटच्या प्रत्येक रिपोर्टवर, निकालाच्या लगेच खाली आणि त्याच टाइपात, मराठीत एक ओळ छापावी: 'आयसोनियाझिडची तपासणी झालेली नाही. दुसरा नमुना एलपीएसाठी द्या.' यासाठी नवे यंत्र लागत नाही, की रुग्णाचा एक रुपया वाढत नाही.

आपला,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, कोथरूड, पुणे