“कंपॅटिबल” म्हणजे नक्की काय, ते बॉक्सवर छापा

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बोटीवरच्या नव्या चार्टप्लॉटरांबद्दल (समुद्राचा नकाशा आणि त्यावर आपली बोट दाखवणारा स्क्रीन) लेख आला होता, चांगला होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की आता कुठल्याही कंपनीचं काहीही एकमेकांना जोडता येतं. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हेच ऐकून लोक पैसे घालवतात. मीही घातलेत.

जोडता येतं हे खरंय. बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा म्हणजे एनएमईए. जुनं एनएमईए ०१८३ म्हणजे एका लाइनवर एक बोलणार, बाकीचे ऐकणार, तेही सहसा ४८०० बॉडच्या संथ वेगाने. एनएमईए २००० आलं आणि सगळ्या बोटीत एकच मुख्य केबल, तिच्यावर टी आकाराचे जोड लावून सगळी उपकरणं, मेसेजचे नंबर ठरलेले, १२८२६७ आला की पाण्याची खोली, १३०३०६ आला की वारा, पाठवणारा कुठल्या का कंपनीचा असेना. प्लगचा आकार वेगळा असला, जसा रेमरीन कंपनीच्या सीटॉक एनजीचा असतो, तर अडॅप्टर केबल मिळते. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

अडतं ते पुढे. माझ्या शिडाच्या बोटीवर प्लॉटर एका कंपनीचा, ऑटोपायलट (बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र) दुसरीचा, विकणारा म्हणाला दोन्ही एनएमईए २०००चे आहेत, बिनधास्त घ्या. लावल्यावर स्क्रीनवर पोझिशन आली, खोली आली, वारा आला, हेडिंग म्हणजे बोटीचं तोंड कुठे आहे तेपण आलं, मला वाटलं झालं काम. मग प्लॉटरवरून पायलट चालू करायला गेलो तर तसं बटणच नाही! चालू हो, स्टँडबायला जा म्हणजे सुकाणू सोड, दहा डिग्री डावीकडे घे, या कमांड बहुतेक कंपन्या स्वतःच्या खासगी मेसेजमधून पाठवतात, दुसऱ्याला त्या कळत नाहीत. प्लॉटरचा रूट पायलट पाळतो, त्याचे मेसेज ठरलेले आहेत, पण पाळ किंवा सोड हे सांगायला त्याच्याच पॅनलपाशी जावं लागतं, आणि माझं पॅनल खाली केबिनमध्ये. एका संध्याकाळी मी एकटाच होतो, समोर जाळ्याचा फ्लोट दिसला, सुकाणू सोडून खाली धावलो, स्टँडबाय दाबलं, वर येईपर्यंत फ्लोट बोटीला घासून मागे गेलेला. जाळं पंख्यात गेलं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही मला.

दुसरा त्रास म्हणजे बिघाड झाला की जबाबदारी कोणाची. माझ्या स्क्रीनवरून पाण्याची खोली मधूनच गायब व्हायला लागली. सेन्सरवाला म्हणे प्लॉटर बघा, प्लॉटरवाला म्हणे सेन्सर बघा, असे तीन आठवडे गेले आणि शेवटी मीच सिस्टिमची पॉवर बंद करून मल्टिमीटर लावला. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोक बंद करणारा रेझिस्टर) असतो, म्हणजे दोन डेटा वायरींमध्ये ६० च्या आसपास दिसायला पाहिजे, मला दिसले १२०. डोलकाठीवरचा वाऱ्याचा सेन्सर बदलला होता ना, त्या टोकाचा टर्मिनेटर जुन्या सेन्सरच्या केबलला होता, तो त्याच्याबरोबरच उतरला आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. एवढीशी वस्तू. लावली आणि खोली परत आली, तेव्हापासून गेली नाही.

सगळं एकाच कंपनीचं घ्या असं मी कोणाला सांगणार नाही, एखादीचा सोनार चांगला असतो, एखादीचा पायलट, आणि जुनं चालू असलेलं यंत्र नुसतं ब्रँड जुळवायला का फेकायचं? मागणं एवढंच की “कंपॅटिबल” एवढा एक शब्द छापून कंपन्यांनी मोकळं होऊ नये. कुठले मेसेज पाठवतो, कुठले घेतो, आणि काय फक्त आमच्याच यंत्राबरोबर चालतं, ही यादी बॉक्सवर पाहिजे, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नको. बोटीवरचा माणूस भर समुद्रात मॅन्युअल उघडून बसत नाही हो.

मला आता रडार घ्यायचाय. रडारचं चित्र एनएमईए २००० च्या केबलवरून जातच नाही, सेकंदाला २५० किलोबिटमध्ये ते मावणार नाही, त्याला इथरनेट किंवा वायफाय लागतं आणि तिथे जवळपास प्रत्येक कंपनीची आपली भाषा. म्हणून दोन डीलरांना लेखी विचारलं, माझ्या प्लॉटरचं मॉडेल आणि सॉफ्टवेअर व्हर्जन देऊन. एकाने उत्तर दिलं, “सर, सगळं चालतं.” दुसऱ्याने काय चालेल, काय चालणार नाही याची दोन पानी यादी पाठवली, त्यातल्या चार ओळी माझ्या विरुद्ध जाणाऱ्या. रडार त्याच्याकडूनच घेतोय.

आपला,
एक बोटवाला वाचक