शाळा साडेबाराला सुटते, आईबाप आठला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळांच्या वेळांवरून आपल्याकडे अधूनमधून चर्चा रंगते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा निर्णय शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला, तेव्हा मुलांच्या झोपेवर भरपूर लिहिलं गेलं. झोप हवीच, वाद नाही. पण शाळा सुटल्यावर मूल जातं कुठे, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी डोंबिवलीत घरगुती पाळणाघर चालवते, त्यामुळे मला ते विचारावं लागत नाही, दिसतंच.

जून जवळ आला की फोन सुरू होतात. "काकू, पहिलीत जातेय आता, साडेबाराला सुटेल. घ्याल का?" जागा दोन खोल्यांची, त्यामुळे बहुतेकांना नाही म्हणावं लागतं. हल्ली तान्ह्या बाळांपेक्षा शाळकरी मुलांसाठी विचारणारे जास्त असतात. बाळ लहान असेपर्यंत रजा निघते, गावाहून आजी येऊन राहते, बाई ठेवली जाते. ते शाळेत जायला लागलं की आजी गावी परतते, बाईचा पगार परवडेनासा होतो आणि ऑफिसातले म्हणतात, आता काय, सुटलीस तू! नऊच्या शाळेने तर सकाळचीही पंचाईत केली. साडेसातच्या लोकलला धावणाऱ्या आईने नऊच्या शाळेसाठी मुलाला कोणाच्या हवाली करायचं?

सरकारी योजनांचं मूलही सहा वर्षांचं झालं की संपतं. कारखाना कायद्याने 1948 साली पाळणाघराची अट घातली, ती सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. केंद्राची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षांची. अंगणवाडी सहापर्यंतच. पुढे शिक्षण हक्क कायदा सुरू होतो. त्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय, म्हणजे दिवसाला चार तास. शिकवायला चार तास पुरत असतीलही. पण नोकरी आणि लोकल धरून इथल्या पालकांचे बारा तास बाहेर जातात. मधल्या आठ तासांवर कोणाचंच नाव लिहिलेलं नाही.

माझ्याकडची मोठी मुलं साडेसहानंतर पुस्तकात लक्ष देत नाहीत. त्यांचे कान फोनकडे असतात. "ठाणं सोडलं का गं?" एवढंच विचारून ठेवून देतात. घड्याळ नीट वाचता न येणाऱ्या दुसरीतल्या मुलीला ठाण्याहून सुटलेली फास्ट गाडी डोंबिवलीला केव्हा लागते हे बरोबर ठाऊक आहे. ही मुलं त्यातल्या त्यात नशीबवान. पाचवी-सहावीत गेली की "आता मोठा झाला, राहील एकटा" म्हणून त्यांना काढून घेतात. मग गळ्यात लॅचची किल्ली, मायक्रोवेव्हवर डबा गरम करायचा आणि आई येईपर्यंत मोबाइल. मला खरी काळजी वाटते ती या वयाची.

महिन्याला साडेतीन हजार मी घेते, ते देणाऱ्यांची ही गोष्ट. आमच्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंची चौथीतली मुलगी शाळेतून आली की धाकट्या भावाला सांभाळते. त्याला जेवू घालते, नळाचं पाणी भरते आणि जमलं तर गृहपाठ करते. तिच्यासाठी गल्लीत काहीही नाही. मध्यमवर्गाने त्यातल्या त्यात शोधलेली पळवाट म्हणजे क्लास. दुसरीतल्या पोराला कसली शिकवणी? पण दोन तास डोक्यावर छप्पर आणि एक मोठं माणूस समोर, म्हणून फी भरतात. शिकवणारी आणि पालक दोघांनाही हे माहीत असतं, बोलत कोणी नाही.

पाळणाघरांवर देखरेख किती आहे, तेही सांगते. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, तेव्हा नियमावलीच्या गोष्टी झाल्या. माझ्याकडे आजतागायत कोणी तपासायला आलेलं नाही. मी चांगली आहे, असं पालक माझ्या तोंडाकडे बघून ठरवतात.

माझं म्हणणं एवढंच की पालिकेच्या शाळा संध्याकाळी उघड्या ठेवा. पट घसरल्यामुळे कित्येक शाळांत वर्ग रिकामे पडलेत, बाकं आहेत, मैदान आहे, पाणी आहे. शाळेच्या इमारती शिकवण्याच्या वेळेबाहेर 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून वापराव्यात, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय. बचत गटांच्या बायका संध्याकाळचं खाणं करू शकतील, निवृत्त शिक्षक आमच्या कट्ट्यावर भरपूर बसलेले असतात. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून फी घ्या, घरकाम करणाऱ्या बाईकडून घेऊ नका. आणि कृपा करून त्याचा जादा तास करू नका. पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन किंवा मुंबईत चर्नी रोडचं जवाहर बालभवन ज्यांनी पाहिलंय, त्यांना मुलं नुसती खेळून, चित्रं काढून किती गुंततात हे माहीत आहे. पण ती आहेत किती आणि कुठे!

जर्मनीत असलेल्या माझ्या भाचीने सांगितलं, तिकडे 2021 मध्ये कायदाच झाला. ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांना आणि मग टप्प्याटप्प्याने चौथीपर्यंत, शाळा धरून दिवसाला आठ तास सांभाळ मिळण्याचा हक्क. आपल्याला एकदम तेवढं नको, प्रभागात एक शाळा पुरे.

हरकत मला माहीत आहे. शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बदलापूरची ऑगस्ट 2024 ची घटना आमच्यापासून काही स्टेशनांवरची. त्यानंतर शाळेत मूल जास्त वेळ ठेवायचं म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो. माझ्याही येतो. म्हणूनच तिथे कायम दोन बायका हव्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद हवी, पालकांची समिती नुसती कागदावर नको. पण बंद फ्लॅटमध्ये नऊ वर्षांचं मूल एकटं असतं, तिथे कुठली समिती आहे?

शेवटी वेळेचं. अशी केंद्रं निघालीच तर ती कार्यालयीन वेळेत चालवू नयेत. सहाला कुलूप लागणार असेल तर डोंबिवलीला त्याचा उपयोग नाही, तेव्हा आई सीएसएमटीहून परतीच्या गाडीतसुद्धा चढलेली नसते. निदान साडेआठपर्यंत हवं, आणि मे महिन्याच्या सुट्टीतही.

— एक पाळणाघरचालिका, डोंबिवली (पूर्व)