हॉलचं किचन पहाटे उघडा, बटाट्याची भाजी सुधारेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात फोंड्याजवळ एका हॉलमध्ये मुंजीला गेलो होतो. चारशे पानं असतील, बाकी जेवण एकदम छान, पण बटाट्याची सुकी भाजी वाढली आणि पहिल्याच घासाला कळलं की हा बटाटा आदल्या रात्री उकडलेला आहे. फोडी बाहेरून चिकट, आत कडेला निळसर काळ्या, आणि एक कोंदट वास जो कितीही फोडणी, कोथिंबीर घातली तरी लपत नाही. आमच्या पंगतीत निम्म्याहून जास्त पानांत भाजी तशीच राहिली. बाजूचे म्हणाले आचारीच बरोबर नाही. मी स्वतः 26 वर्षं लग्नामुंजीचं आणि देवळातल्या समाराधनेचं जेवण केलेलं आहे, त्यामुळे मला ते काही पटेना, म्हणून जेवण झाल्यावर मागे जाऊन त्या आचाऱ्याला भेटलो.

तो बिचारा आधीच नाराज होता. म्हणाला, काका, हॉलवाले किचन सकाळी सातला उघडतात, साडेआठला नाश्त्याची पुरी-भाजी द्यायची, बाराला पान वाढायचं, 50 किलो बटाटा मी उकडू कधी? म्हणून त्याने तो रात्री घरी उकडला, गरम असतानाच क्रेटमध्ये भरला, वरून ओलं कापड आणि प्लास्टिक टाकून टेंपोत चढवला. सकाळी सोलायला घेतला तेव्हा मधला बटाटा अजून कोमट होता म्हणे.

खरा घोळ इथे आहे. उकडलेला बटाटा रचून झाकून ठेवला की वाफ आतच राहते, वरचे बटाटे गार होतात, मधले रात्रभर कोमट राहतात, आणि आमच्या गोव्याच्या दमट हवेत तर विचारूच नका. नुसत्या चवीचा प्रश्न असता तर मी पेपरला लिहिलं नसतं. बॅसिलस सेरियससारखे मातीतले जिवाणू असतात, त्यांचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, आणि बटाटा काय, भात काय, कोमट राहिला की ते वाढायला लागतात. त्यातला एक प्रकार जे विष तयार करतो ते सकाळी परत फोडणीत परतलं तरी जात नाही. म्हणून अन्न एकतर 60 अंशांच्या वर गरम पाहिजे, नाहीतर पटकन गार करून फ्रिजमध्ये 5 अंशांच्या खाली पाहिजे, मधे ठेवायचंच नाही. आता 50 किलो बटाटा मावेल एवढा फ्रिज कुठल्या छोट्या केटररकडे असतो?

काळेपणाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे, काळा म्हणजे कुजका असं नाही. बटाट्यातलं लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल उकडताना एकत्र येतं आणि नंतर हवा लागली की तो निळसर काळा रंग येतो, देठाकडच्या बाजूला जास्त. पाण्यात थोडं लिंबू पिळलं तर फरक पडतो, पण ते बटाटा शिजत आल्यावर. आधीच आंबट घातलं तर फोड दडस, म्हणजे कडकच राहते, मग कितीही शिजवा. पातळभाजीत सोलं (कोकम) किंवा टोमॅटो घाईने टाकतात आणि मग म्हणतात बटाटा शिजत नाही, ते ह्याच्यामुळेच.

आम्ही कसं करायचो ते सांगतो. 50 किलो कधी एका तोपात नाही घातला. खालचा वजनाने फुटतो आणि वरचा कच्चा राहतो, म्हणून दहा-बारा किलोचे घाणे करायचे, आधी लहान-मोठा वेगळा काढायचा, हिरवा पडलेला बाजूला टाकायचा कारण त्यातलं सोलानिन नावाचं विष उकडून जात नाही. सालासकट, थंड पाण्यातून, मीठ घालून चढवायचा. उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरचा लगदा होतो आणि पोटात कच्चा राहतो. सुरी मधोमध गेली की लगेच उपसायचा आणि परातीत एकेरी पसरायचा. वाफ निघून गेली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं, ओला बटाटा फोडणीत गेला की भाजी गचकाच होते. सोलायचं कोमट असतानाच. आणि ओलं खोबरं अगदी शेवटी, वाढायच्या आधी, कारण उन्हाळ्यात ते सगळ्यात आधी आंबतं.

बुफे असेल तर सगळी भाजी एकदम बाहेर काढून ठेवू नका. तीन तास त्या शेगडीवर राहून वरची सुकते, मग मुलगा येऊन त्यात थंड पाणी ओततो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. थोडी थोडी आणा.

बटाटा कुठला घेतला हेही बघावं लागतं. आपल्याकडे बराचसा माल घाटावरून येतो, बेळगाव मार्केटचा, आणि कधी कोल्ड स्टोरेजचा. दोन ते चार अंशांत ठेवलेला बटाटा गोड होतो, त्यातल्या स्टार्चची साखर होते, भाजी गोडूस लागते आणि काप तळले तर करपट लाल होतात. तो आणून आठ-दहा दिवस बाहेर हवेशीर ठेवला तर गोडवा बराच कमी होतो. जातीचंही तसंच, पुखराज पाणचट असतो, वडा-पॅटिसला चिपसोनासारखा कोरडा, भुसभुशीत बटाटा पाहिजे. आडत्याला विचारलं तर तो सांगतो, पण विचारतं कोण, सगळे भावच विचारतात.

तरीही माझं मुख्य म्हणणं हॉलवाल्यांना आणि देवस्थान समित्यांना आहे. भाडं तुम्ही पूर्ण दिवसाचं घेता, मग किचन पहाटे चारला उघडून द्यायला काय हरकत आहे? एक वॉचमन आणि दोन दिवे एवढाच खर्च. चारला शेगडी पेटली तर साडेपाचला पहिला घाणा परातीत असतो आणि रात्री उकडायची गरजच पडत नाही. सोबत बटाटा पसरायला एखादं लांब टेबल आणि वर पंखा दिलात तर फारच बरं. यजमानांनीही बुकिंग करताना डेकोरेशनच्या आधी हे विचारावं, की किचन किती वाजता मिळेल, आणि ते पावतीवर लिहून घ्यावं. शाळांना मध्यान्ह आहार पुरवणाऱ्या बायकांच्या गटांनाही सरकारने उकडायला-पसरायला नीट जागा द्यावी, तिथे तर खाणारी लहान मुलं आहेत.

तुळशीच्या लग्नानंतर परत मुहूर्त सुरू होतील. त्याच्या आधी फोंडा, डिचोली, म्हापशाच्या हॉलवाल्यांनी एवढी वेळ बदलावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त आचारी, फोंडा