आयर्विन पुलावरची पाण्याची पट्टी दाखवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर दिवसरात्र हिशेब करून ते कमवणं, बंद झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात ढिगानं आली. त्या दिवाळीत मी असंच एक वापरलेलं कार्ड घेतलं, आरएक्स ५८०, ८ जीबीचं. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग हेच माझं पोट, आणि नवं कार्ड घ्यायची ऐपत नव्हती. विकणारा म्हणाला, घरी गेम खेळायला वापरलंय. मी विश्वास ठेवला.

एप्रिल २०२३, ऐन लग्नसराई. ज्या एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनायला, चाळीस मिनिटं लागायला हवीत, त्याला दीड तास लागायला लागला. चित्रात एक ठिपका नाही की रंगीत रेघ नाही. फक्त सगळं संथ, आणि मधूनच स्क्रीन काळी होऊन परत यायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा, कार्ड गेलं. त्यात तेव्हा एनव्हिडिया कंपनीच्या येऊ घातलेल्या आरटीएक्स ४०६० कार्डाच्या अफवा जोरात होत्या. मेमरी किती, किंमत किती, रोज नवा आकडा. कुणी म्हणे थांब, कुणी म्हणे आत्ताच कर्ज काढून मोठं घे. पतसंस्थेचा फॉर्म मी भरून ठेवला होता, नुसती जामीनदाराची सही राहिली होती.

तुम्ही आलात, पाणीसुद्धा न पिता पेनड्राइव्ह लावला आणि पीसीच्या भागांचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलंत. खाली खाली जात एका ओळीवर बोट ठेवलंत: जीपीयू मेमरी एरर्स, म्हणजे कार्डाच्या मेमरीच्या चुका. मला म्हणालात, आता एक्सपोर्ट लाव. आकडा शून्यावरून हलला, शंभरावर गेला, आणि चहा होईपर्यंत हजारांत. महिनाभर मी रडत होते आणि दुखणं असं आकड्यात लिहिलेलं होतं!

मग तुम्ही जे समजावलंत ते मला अजून शब्दन् शब्द आठवतंय. कार्डावरची जीडीडीआर५ मेमरी आणि मुख्य चिप यांच्यामधल्या वाटेवर प्रत्येक खेपेची तपासणी असते. मार्केट यार्डातून हळदीची गाडी निघाली, पोचल्यावर तिकडून पोत्यांची मोजणी उलट कळवली; जुळली नाही तर अख्खी खेप पुन्हा. म्हणून चुकीचा माल पोचत नाही, चित्र बिघडत नाही, पण वेळ दुप्पट जातो. माझं कार्ड काम करत होतं, फक्त त्याच खेपा पुन्हा पुन्हा मारत होतं.

कारणही तुम्हीच शोधलंत. मेमरीचा वेग २००० मेगाहर्ट्झ हवा, तिथं २१५० दिसत होता. मायनिंगसाठी कुणीतरी बायोस, म्हणजे कार्डाचा वेग ठरवणारा त्याच्या आतला प्रोग्राम, बदललेला. त्या धंद्यात एखादा हिशेब चुकला तर तेवढाच वाया जातो, पुढचा चालू. म्हणून ते वेग ताणतात. कार्डाच्या कडेला तांदळाएवढा स्विच होता, मी सहा महिन्यांत पाहिलाही नव्हता. पीसी बंद करून तुम्ही तो उदबत्तीच्या काडीनं पलीकडे सरकवलात आणि मूळ बायोस परत आला. तरी आकडा थोडा थोडा वाढतच होता. मग तुम्ही हीटसिंक उघडलात. मेमरी चिपांची उष्णता हीटसिंककडे नेणारे थर्मल पॅड तेलकट होऊन चुरत होते, बोटाला चिकटत होते. जुन्याची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे नवे कापून बसवलेत. रात्री साडेदहाला एक्सपोर्ट संपला तेव्हा त्या ओळीत शून्य होतं.

नुसतं दुरुस्त करून तुम्ही गेला नाहीत, ही तपासणी कुठे थांबते तेही सांगितलंत. ती फक्त वाटेवरची. चिपच्या आत साठवलेला एखादा बिट उलटला तर तिला कळत नाही. त्यासाठी ईसीसी, म्हणजे साठवलेल्या मजकुरातल्या चुका ओळखून दुरुस्त करायची सोय लागते, आणि त्याची किंमत जागेत मोजावी लागते. एनव्हिडियाच्या जुन्या फर्मी पिढीच्या ३ जीबीच्या टेस्ला कार्डांत ईसीसी चालू केलं की ३ जीबीतले २.६२५ जीबीच हाती उरायचे. पुढे मार्च २०२४ मध्ये नव्या ग्राफिक्स मेमरीचं, जीडीडीआर७ चं, मानक जाहीर झालं आणि त्यात चुका दुरुस्त करायची सोय चिपच्या आतच आहे हे वाचलं, तेव्हा पहिली आठवण तुमची झाली.

अफवांबद्दल तुम्ही फर्मीचीच गोष्ट सांगितलीत. सप्टेंबर २००९ मध्ये एनव्हिडियाच्या मंचावर जे कार्ड हातात धरून दाखवलं ते नमुन्याचं निघालं. चिपमध्ये ५१२ कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, सांगितले होते, मार्च २०१० मध्ये जीटीएक्स ४८० आलं ते ४८० कोअर घेऊन. मंचावरून सांगितलेलंही बदलतं, मग ऐकीव आकड्यावर कर्ज काय काढायचं? आणि म्हणालात, "पुराच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर कोयनेतून किती सोडलं त्याचे दहा आकडे येतात. आपण सांगलीकर काय बघतो? आयर्विनवर पाणी किती फूट." दादा, २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं. मला याहून जास्त समजावायची गरजच नव्हती.

४०६० जूनअखेर आलं, ८ जीबीच घेऊन. पतसंस्थेचा फॉर्म मी तोवर फाडला होता. त्या लग्नसराईतली सगळी कामं याच कार्डावर वेळेत गेली, आणि वाचलेल्या हप्त्यांतून धाकट्याची कॉलेजची फी भरली. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही.

आता गल्लीतली पोरं नव्या चिपांच्या बातम्या घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी त्यांच्या पीसीवर ती ओळ उघडते. परवा एकाचा आकडा वाढताना सापडला. पॅड मीच बदलले, जाडी मोजून, तुम्ही दाखवलं तसंच.

पैसे तुम्ही तेव्हा घेतले नाहीत, पॅडचेसुद्धा. यंदाची हळद आईनं घरी दळलीय, एक डबा तुमच्या नावानं बाजूला ठेवलाय. रविवारी वहिनींना घेऊन जेवायला या. नाही म्हणू नका.

तुमची,
माधवनगर रोडवरची धाकटी बहीण